एक मिली

सिरिंजचा दांडा काढून बाजूला ठेवायचा. तिचं टोक नळीला जोडायचं, वरून दूध ओतायचं आणि सिरिंज हातात उभी धरून थांबायचं. ढकलायचं नाही. दूध आपल्या वजनानं उतरेल तेवढंच उतरू द्यायचं. भराभर उतरायला लागलं तर हात जरा खाली घ्यायचा, अडलं तर जरा वर. माझ्या लेकीचं पहिलं दूध पोटात गेलं ते असं. दूध होतं १ मिली, म्हणजे वीसेक थेंब.

"एवढंच?" मी विचारलं.

"आज एवढंच, ताई. पोटाला ओळख तर होऊ दे दुधाची," सिस्टर म्हणाल्या. त्यांची नजर सिरिंजवरून हलली नव्हती.

ती २८व्या आठवड्यात जन्मली. वजन १,०८० ग्रॅम. तोंडातून जठरापर्यंत गेलेली बारीक नळी गालावर चिकटपट्टीनं बसवलेली, नाकाशी श्वासाचं यंत्र, आणि हातातल्या शिरेतून थेट रक्तात जाणारं पोषण. जन्मल्याच दिवशी माझ्या चिकाचे दोन थेंब तिच्या गालांना आतून लावले होते. त्यानंतर हे १ मिली. दर दोन तासांनी एकदा. मी पिशवीतली एक वही काढली आणि रकाने आखले: वेळ, किती दिलं, आधीचं किती उरलं होतं, पोटाचा घेर, शी, वजन. दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच माझ्याकडे.

तोवर माझी सगळी धास्ती एकाच गोष्टीची होती, मला दूध येईल की नाही. दूध आलं आणि तिला ते पचलंच नाही तर, हा विचार कधी मनाला शिवला नव्हता. "पचनी पडणं" हे शब्द मी आजवर बातम्यांसाठी वापरले होते, अपमानांसाठी वापरले होते. दूध पचनी पडतं म्हणजे नेमकं काय होतं, ते मी त्या खोलीत शिकले. डॉक्टरांना विचारून, सिस्टरांना विचारून, रात्री दूध काढायचा पंप लावून बसल्या बसल्या वाचून.

गर्भात बाळ उपाशी नसतं, पण जेवतही नसतं. साखर, चरबी, प्रथिनं सगळं नाळेतून तयार मिळतं. तरी आतडं रिकामं बसलेलं नसतं. बाळ गर्भजल गिळत असतं, दिवस भरत आले की रोजचं अर्ध्या लिटरहून जास्त. ही एक प्रकारची तालीमच. शेवटच्या तीन महिन्यांत आतड्याची लांबी जवळजवळ दुप्पट होते. अन्न पुढे सरकवणाऱ्या लाटा शिस्तीत यायला लागतात त्या साधारण ३४व्या आठवड्याच्या सुमाराला. त्याआधी आतडं हलतं, पण जागच्या जागी. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं या तिन्हींचा मेळही त्याच सुमाराला बसतो, म्हणून तर ती नळी. माझ्या लेकीची ही तालीम अर्ध्यावर तुटली होती, आणि तिच्याकडून आता थेट प्रयोगाची अपेक्षा होती.

मग दूध द्यायचंच कशाला? शिरेतून पोषण चालू आहे ना, तर आतड्याला महिनाभर विश्रांती द्यावी. मला हे फार शहाणपणाचं वाटलं होतं, आणि मी तसं डॉक्टरांना बोलूनही दाखवलं. पण आतड्याला विश्रांती मानवत नाही. काहीच मिळालं नाही की त्याचं अस्तर झिजायला लागतं, त्याच्यावरची बोटांसारखी बारीक टोकं आखूड होतात. म्हणून पहिले काही दिवस किलोमागे दिवसाला १० ते २० मिली इतकंच दूध देतात. त्यानं बाळाचं पोट भरत नाही, भरावं अशी अपेक्षाही नसते. ते दूध आतड्यासाठी असतं. लॅक्टेजचंच बघा. दुधातली साखर फोडणारं हे विकर, म्हणजे एन्झाइम, ३४व्या आठवड्यातही पूर्ण दिवसांच्या बाळाच्या तुलनेत जेमतेम ३० टक्के असतं. आणि ते वाढवायचा एक खात्रीचा उपाय म्हणजे लवकर दूध सुरू करणं. दूध पचवायची ताकद दूध पाजल्यानंच येते. हे कळल्यावर वहीतल्या त्या १, १, १ च्या रांगेकडे मी वेगळ्या नजरेनं बघायला लागले.

पण मी थक्क झाले ती चरबीचं वाचताना. आईच्या दुधातली जवळपास निम्मी ऊर्जा चरबीतून येते. ती पचवायला स्वादुपिंडाचं लायपेज हे चरबी फोडणारं विकर लागतं आणि यकृताचं पित्त लागतं, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाकडे दोन्ही तुटपुंजी. जठरातलं लायपेज तेवढं लवकर कामाला लागलेलं असतं, त्याच्यावर सुरुवातीची बरीच भिस्त. म्हणजे सगळ्यात जास्त गरज ज्याची, तेच पचवायची साधनं सगळ्यात कमी. हा पेच सुटतो दुधातच. आईच्या दुधात तिचं स्वतःचं एक लायपेज असतं. ते दुधात असेपर्यंत झोपलेलं असतं. जठरातून सुखरूप पार होतं, लहान आतड्यात पोचतं, तिथे पित्ताचा स्पर्श झाला की जागं होतं आणि चरबी फोडायला लागतं. बाळाकडे नसलेलं विकर दूध स्वतःबरोबर घेऊन येतं!

पहाटे तीनला पंपाच्या घरघरीत बसून मी हे वाचलं, आणि बाटलीच्या तळाशी जमलेल्या पिवळसर दुधाकडे कितीतरी वेळ बघत राहिले. मी तिला कुशीत घेऊ शकत नव्हते. इन्क्युबेटरच्या खिडकीतून हात घालून तळवा तिच्या डोक्यावर ठेवायचा, एवढीच मुभा होती. पण तिच्या आतड्यात, ती जिथे कमी पडत होती नेमकं तिथे, माझं काहीतरी जाऊन काम करत होतं. तोवर मला वाटायचं की मी दूध पाठवते आणि पुढचं सगळं तिचं तिला करायचं आहे. तसं नव्हतं. पचवायचं काम आम्ही दोघी मिळून करत होतो.

प्रथिनांचंही थोडं तसंच. तिच्या जठरात आम्ल कमी, प्रथिनं तोडणारी विकरं कमी. आईच्या दुधात मऊ, पटकन विरघळणारी व्हे प्रथिनं जास्त आणि घट्ट गुठळी करणारं केसिन कमी. साधारण ६०:४०, आणि चिकात तर व्हे आणखी जास्त. गाईच्या दुधात हे उलटं, २०:८०. म्हणून आईच्या दुधाची जठरात होणारी गुठळी सैल आणि मऊसर असते, लवकर सुटते.

नवव्या दिवशी आम्ही ६ मिलीवर होतो. संध्याकाळच्या फीडच्या आधी सिस्टरांनी नळीतून मागे ओढून बघितलं आणि सिरिंजमध्ये हिरवट पाणी आलं. त्यांनी टेप घेऊन पोटाचा घेर मोजला. दुपारपेक्षा दोन सेंटिमीटर जास्त. पोटाची कातडी ताणून चकाकत होती, आणि तिच्याखाली आतड्याची वेटोळी बाहेरून दिसत होती. मी ते दृश्य विसरलेले नाही. सिस्टर मला काही बोलल्या नाहीत, सरळ फोनकडे गेल्या. दहा मिनिटांत फीड बंद, रक्त तपासायला, छोटं एक्स-रे मशीन ढकलत खोलीत. मला बाहेर बसायला सांगितलं.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या आतड्याला होणारा एक आजार आहे, नेक्रोटायझिंग एन्टेरोकोलायटिस. डॉक्टर त्याला एनईसी म्हणतात. अस्तराला इजा होते, जंतू आतड्याच्या भिंतीत शिरतात, भिंतीतच वायूचे बुडबुडे होतात आणि ते एक्स-रेवर दिसतात. वाढला तर आतड्याचा तुकडा मरतो, शस्त्रक्रिया करावी लागते, आणि सगळी बाळं त्यातून उठत नाहीत. एक्स-रेची वाट बघताना मला यातलं फक्त नाव माहीत होतं. बाकीचं नंतर कळलं, आणि ते नंतर कळलं हेच बरं झालं.

एनईसी नव्हता. श्वासाला मदत करणाऱ्या सीपॅपची हवा नाकातून पोटातही जात होती, आणि मंद चालणाऱ्या आतड्याला ती पुढे ढकलता येत नव्हती. ४८ तास दूध बंद राहिलं. मी पंप करत राहिले. बाटल्यांवर तारीख-वेळ लिहून त्या फ्रीजरमध्ये जात राहिल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सुरू झालं. वहीत पुन्हा १.

आईच्या दुधाचा या आजाराशी असलेला संबंध ठळकपणे पुढे आला तो १९९० साली. ॲलन लुकास आणि टिम कोल या ब्रिटिश संशोधकांनी अपुऱ्या दिवसांच्या ९२६ बाळांचा अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापला. फक्त फॉर्म्युलावर, म्हणजे डब्यातल्या तयार दुधावर, असलेल्या बाळांमध्ये एनईसीचं प्रमाण फक्त आईच्या दुधावरच्या बाळांपेक्षा ६ ते १० पट आढळलं. याची कारणं एकात एक गुंतलेली आहेत. या बाळांच्या अस्तरातल्या पेशींमधले सांधे अजून सैल असतात. जंतूंना आत शिरायला वाट मिळते. आईच्या दुधातली आयजीए प्रतिपिंडं अस्तरावर लेप दिल्यासारखी पसरतात. लॅक्टोफेरिन जंतूंना लागणारं लोह धरून ठेवतं. पेशींची वाढ आणि दुरुस्ती करायला लावणारे घटक दुधात असतात. आणि काही शर्करा अशा असतात की त्या बाळाला मुळी पचतच नाहीत. त्या पचवण्यासाठी नसतातच. मोठ्या आतड्यातल्या बायफिडोबॅक्टेरियासारख्या भल्या जंतूंचं ते अन्न आहे. पोटच्या पोरासाठी निघालेल्या दुधात त्याच्या पोटातल्या जंतूंचाही वाटा काढून ठेवलेला असतो. मला ही गोष्ट अजूनही पुन्हापुन्हा आठवते.

तरीही आईच्या दुधावरच्या बाळांना एनईसी होत नाही, असं मुळीच नाही. धोका कमी होतो, संपत नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण आमच्याच खोलीत एका आईनं दिवसरात्र पंप करूनही तिच्या बाळाला तो झाला. आणि तिला सगळ्यात जास्त छळणारा प्रश्न होता, "माझ्या दुधात काय कमी होतं?" काहीही कमी नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात माझं दूध आटायला लागलं. दिवसाला आठ वेळा पंप, रात्रीचा एकही चुकवलेला नाही, तरी सगळं मिळून ९० मिली. तिला आता दिवसाला १५० च्या पुढे लागत होतं. आमच्याकडे दात्या आयांचं दूध मिळायची सोय नव्हती. डॉक्टर म्हणाले, "उरलेलं फॉर्म्युलावर देऊ." मी मान डोलावली आणि जिन्यात जाऊन रडले. खोलीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं, आईचं दूध म्हणजे अमृत. दूध भरपूर येत होतं तोवर मला ते वाक्य आवडायचं. त्या दिवसापासून मी त्या भिंतीकडे पाठ करून बसायला लागले.

त्या भिंतीबद्दल मला आजही राग आहे. आईचं दूध या बाळांसाठी सगळ्यात चांगलं आहे, हे मी वर सगळं लिहिलंच आहे. पण ज्या बाईचं दूध कमी पडतंय तिला अमृत हा शब्द ऐकवून काय उपयोग? तिला टेकायला खुर्ची द्या, चालणारा पंप द्या, बाळाजवळ तासभर बसू द्या, बाळ छातीशी धरू द्या. मी लेकीला पहिल्यांदा उघड्या छातीवर घेतलं, कांगारू केअर म्हणतात ते, आणि त्यानंतर पंपाला बसले तेव्हा १५ मिली जास्त आलं. त्या भिंतीनं एक थेंबही आणला नव्हता.

फॉर्म्युलाबद्दल मी वाचायला बसले ते खरं तर त्याचे दोष शोधायला. पण अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी केलेला फॉर्म्युला हा नुसता दुसऱ्या डब्यातला नेहमीचा फॉर्म्युला नसतो. लॅक्टेज कमी आहे म्हणून त्यात लॅक्टोजचा काही भाग काढून दुसरी, सहज फुटणारी पिष्टमय साखर घातलेली असते. पित्त कमी आहे म्हणून चरबीचा काही भाग मध्यम लांबीच्या साखळ्यांचा असतो, तो पित्तावाचूनही शोषला जातो. व्हेचं प्रमाण वाढवलेलं असतं. कॅल्शियम, फॉस्फरस, प्रथिनं जास्त. तिच्याच सारख्या आतड्यात काय कमी असतं, याचा कुणीतरी बसून विचार केलेला होता. त्या डब्याकडे शत्रू म्हणून बघणं मला त्यानंतर जमलं नाही. त्यावर बाळांचं वजनही लवकर वाढतं. त्याच्यात नाही ते जिवंत सामान: ते झोपलेलं लायपेज, ती प्रतिपिंडं.

दात्या आईचं दूध मिळालं असतं तर? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२च्या शिफारशींत आईचं दूध नसेल तेव्हा ३२ आठवड्यांच्या आतल्या किंवा दीड किलोखालच्या बाळांसाठी त्याचा विचार करावा असं सांगितलं आहे. ते ६२.५ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं तापवतात, त्यात ते लायपेज मरतं. तरी एनईसीपासून मिळणारं बरंचसं संरक्षण टिकतं. वजन मात्र फॉर्म्युलापेक्षा सावकाश वाढतं. प्रत्येक दुधाचा हिशोब वेगळा आहे.

फरक मला वहीत दिसला. माझं दूध दिल्यावर दोन तासांनी नळीतून ओढलं की बहुतेक वेळा काही येत नसे. फॉर्म्युलानंतर दीड-दोन मिली यायचं, त्यात पांढऱ्या, बारीक, जरा घट्ट गुठळ्या. सिस्टर सिरिंज उजेडात धरून रंग बघायच्या, हिरवा नाही ना एवढी खात्री करायच्या आणि ते परत आत सोडून द्यायच्या. १९९४ साली छापलेल्या एका ब्रिटिश अभ्यासात अशाच बाळांच्या जठरांचं मोजमाप आहे: निम्मं दूध पुढे सरकायला आईच्या दुधाला सरासरी ३६ मिनिटं, फॉर्म्युलाला ७२. माझ्या वहीवरून काही सिद्ध होत नाही, एकाच बाळाची वही ती. पण त्या गुठळ्या बघून माझ्या पोटात गोळा यायचा तो हा आकडा वाचल्यावर येईनासा झाला. फॉर्म्युला पचतो. त्याला वेळ लागतो, आणि वेळ लागणं म्हणजे बिघडणं नव्हे. थोडंफार उरणं हे तर या बाळांमध्ये नेहमीचंच, इतकं की बऱ्याच ठिकाणी आता दर फीडला ओढून बघतही नाहीत.

शीचा रंगही वेगळा असायचा. एकवीस-बाविसाव्या दिवशीच्या रकान्यांत मी "पिवळी, सैल" आणि "फिकट, घट्टसर" असं आलटून पालटून लिहिलंय. शीबद्दल इतक्या आस्थेनं मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. फोनवर नातेवाईक वजन विचारायचे आणि मी आधी शीचं सांगायचे.

नंतर माझ्या दुधातही पुडी घालायला लागले. फॉर्टिफायर. कॅल्शियम, फॉस्फरस, प्रथिनं. मला लागलं ते मनाला. म्हणजे माझं दूध पुरतही नाही आणि आहे तेही उणं? डॉक्टरांनी खुर्ची ओढून समजावलं. बाळाच्या हाडांतलं सुमारे ८० टक्के कॅल्शियम शेवटच्या तीन महिन्यांत जमतं, आणि ते नाळेतून. ते कोणत्याच आईच्या दुधातून भरून निघण्यासारखं नाही. लवकर बाळंत झालेल्या आईच्या दुधात सुरुवातीला प्रथिनं नेहमीपेक्षा जास्त असतात, शरीर आपल्या परीनं हात देतं. पण काही आठवड्यांत तीही उतरतात. "दूध उणं नाहीये," ते म्हणाले, "नाळ लवकर तुटली, ती भरपाई आहे ही."

एका रात्री तिला दूध सिरिंज ढकलणाऱ्या पंपानं सावकाश सोडायचं ठरलं, तासभर थेंबथेंब. पहाटे मी नळीकडे बघितलं तर आतून पांढरट थर धरलेला. मी घाबरून सिस्टरांना हाक मारली. त्यांनी नळी बोटांत धरून उजेडाकडे नेली. "साय आहे तुमची," त्या म्हणाल्या, "सावकाश गेलं की चिकटून बसते." मग त्यांनी पंपातली आडवी सिरिंज काढली आणि तिचं टोक वर येईल अशी तिरकी बसवली, चरबी वर तरंगते, टोक वर असलं की ती आधी जाते. एवढीशी गोष्ट. पण चरबी म्हणजे निम्मी ऊर्जा, आणि १,३०० ग्रॅमच्या बाळाच्या वाट्याची ती ऊर्जा नळीलाच चिकटून राहत होती. पॅरिसमध्ये १८८०च्या दशकात स्तेफान तार्निए हे प्रसूतितज्ज्ञ अशाच बाळांना नळीनं दूध देत असत. इतक्या वर्षांत नळ्या बदलल्या, यंत्रं आली. सायीकडे लक्ष ठेवायला मात्र अजून माणसाचंच बोट लागतं.

आकडे वाढत गेले. १२, १५, १८. शिरेतली सुई निघाली, आणि त्या हातावर पहिल्यांदाच काही चिकटवलेलं नव्हतं. ३३व्या आठवड्यात नळीतून दूध चालू असताना ती माझ्या पंप करून रिकाम्या केलेल्या स्तनाशी नुसती ओठ हलवायची. चाटायची, दमायची, झोपायची. पोट नळीनं भरायचं आणि चव इथे घ्यायची.

३४ आठवडे आणि पाच दिवस. दुपारचं फीड. सिस्टर म्हणाल्या, आज पंप न करता घ्या. तिनं तोंडात धरलं, दोनदा ओढलं, थांबली. मॉनिटरचा आकडा खाली येतोय का बघायला मी मान वळवली, तो जागेवर होता. पुन्हा ओढलं. आणि मग घशातून एक बारीक आवाज आला, गिळल्याचा. ओढणं, गिळणं, श्वास. ओढणं, गिळणं, श्वास. चार मिनिटं चाललं असेल. मग ओठांच्या कोपऱ्यातून दूध ओघळलं आणि तिचा डोळा लागला.

मी वही उघडली. वेळ लिहिली. "किती दिलं" या रकान्यापाशी पेन थांबलं, कारण किती गेलं ते सांगायला सिरिंज नव्हती. सिस्टरांकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "लिहा, प्यायली."